बर्फाच्या गावात बिऱ्हाड

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. दहा माणसांनी मिळून परदेशी बर्फात जाऊन राहण्याची टूम त्यांच्या वेळी निघालेली नव्हती. नाही तर या म्हणीला त्यांनी तिसरा चरण नक्कीच जोडला असता. महाबळेश्वरला खोली कशीही मिळाली तरी चालते. दिवसभर भटकायचे आणि रात्री पाठ टेकायची, एवढाच तिचा उपयोग. आल्प्समधल्या गावात हिवाळ्यात मात्र हे गणित उलटे होते. डोंगरावरच्या लिफ्ट दुपारी चार-साडेचारला बंद होतात, पाठोपाठ अंधार पडतो आणि मग सकाळचे ऊन वर येईपर्यंत माणूस घरात. चोवीस तासांतले सोळा तास चार भिंतींच्या आत जाणार असतील, तर तिथे बिऱ्हाड निवडणे म्हणजे निम्मी सहल निवडणेच की!

आमच्या मंडळींची ओळख आधी करून देतो, कारण जागा निवडताना पहिला प्रश्न ‘कुठे’ हा नसून ‘कोण कोण’ हा असतो. पुण्याहून आमचे थोरले भाऊ आणि वहिनी. वहिनींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. म्यूनिकहून भाऊंचा मुलगा, सूनबाई आणि दहा व सात वर्षांची त्यांची दोन मुले. लंडनहून आमची भाची आणि जावई. शिवाय आम्ही उभयता. एकूण दहा. त्यांतले स्की येणारे पाच, शिकू पाहणारी एक आणि काचेआडून बर्फ बघणारे चार. पुतण्याने बेत मांडला तो स्कीचा. पण भाऊंच्या मनात काही वेगळेच होते. फोनवर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नातवंडे अलीकडे जर्मनमधून उत्तर देऊ लागली होती. “आठ दिवस एका छपराखाली मिळाले तर बघू,” एवढेच ते मला म्हणाले. त्यावरून मी समजलो.

प्रदेश ठरला स्वित्झर्लंडमधला बर्नीज ओबरलँड. इंटरलाकेनहून छोटी आगगाडी लाउटरब्रुनेनच्या दरीत शिरते आणि वर आयगर, म्योंख व युंगफ्राऊ ही शिखरे उभी असतात. त्यांतले युंगफ्राऊ सर्वांत उंच, ४१५८ मीटर. या तिघांच्या पायथ्याशी मुक्कामाला चार गावे आहेत, आणि चारही गावांची कुंडली निराळी.

खुद्द लाउटरब्रुनेन दरीच्या तळाशी, सुमारे ८०० मीटरवर. गावाला लागूनच जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा आहे. जागा तुलनेने स्वस्त, मोटार दारापर्यंत जाते. पण दोन्ही बाजूंना सरळसोट कडे असल्यामुळे हिवाळ्यात ऊन पाहुण्यासारखे येते आणि चहा न घेताच जाते. शिवाय स्कीसाठी रोज गाडी धरून वर जायचे. ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटरवर, मोठे आणि गजबजलेले. तिथून २०२० साली सुरू झालेली ‘आयगर एक्सप्रेस’ ही पाळण्यांची वाट पंधरा मिनिटांत आयगर हिमनदीच्या स्टेशनापर्यंत नेते. मात्र गाव लांबच लांब पसरलेले. टोकाला जागा मिळाली तर बसच्या वेळापत्रकाशी लग्न लागते.

म्युरेन १६३८ मीटरवर, कड्याच्या माथ्यावर. चौघांत सर्वांत उंच, म्हणून बर्फाचा भरवसा जास्त. स्कीच्या इतिहासात या चिमुकल्या गावाचे नाव मोठे. अर्नोल्ड लन या इंग्रज गृहस्थाने १९२२ साली इथे आधुनिक स्लॅलमची शर्यत भरवली, आणि १९३१ साली आल्पाइन स्कीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही इथेच झाली. १९२४ साली स्थापन झालेल्या इथल्या क्लबाचे नाव ‘कंदहार’! बर्फात हे अफगाणी नाव कुठून आले? तर १८८० सालच्या कंदहारच्या लढाईवरून ज्यांना किताब मिळाला, त्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावाच्या करंडकावरून. हे रॉबर्ट्ससाहेब जन्माने आपल्या कानपूरचे. जावईबापूंनी ही माहिती ऐकली आणि म्युरेनवरच ठाण मांडले. परंतु तिथे पोहोचायला लाउटरब्रुनेनहून आधी केबलगाडी आणि मग आगगाडी अशी चढउतार करावी लागते. वहिनींचा गुडघा आणि दहा माणसांच्या ट्रंका डोळ्यांपुढे आल्या, तेव्हा इतिहासाने माघार घेतली.

राहिले वेंगेन. १२७४ मीटरवर डोंगराच्या एका प्रशस्त पायरीवर वसलेले, दुपारभर उन्हात न्हाणारे. मोटारी खाली लाउटरब्रुनेनच्या वाहनतळावर ठेवायच्या आणि १८९३ सालापासून चालणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीने पाव तासाच्या आत वर यायचे. माथेरानची आठवण यावी, असा हा प्रकार. फक्त घोड्यांच्या ऐवजी सामान वाहायला विजेच्या गाड्या. शिकाऊ मुलांची उतरण गावाच्या अगदी मध्यावर. नातू बर्फात लोळतो आहे आणि आजी बाकावर बसून ते पाहते आहे, हे दृश्य शक्य होते ते इथे. गावातल्या जुन्या इंग्रज स्कीपटूंच्या क्लबाचे नावही मला फार आवडले: १९२५ सालचा ‘डाउनहिल ओन्ली’. आगगाडीने वर जायचे आणि फक्त खाली उतरायचे! आरामाचे इतके प्रामाणिक ब्रीद दुसऱ्या कोणत्या क्रीडामंडळाने घेतले असेल असे वाटत नाही.

दोन गोष्टींची खबरदारी मात्र घ्यावी लागते. जानेवारीच्या मध्याला इथे लाउबरहॉर्नची शर्यत होते. ती १९३० पासूनची असून तिचा उतार सुमारे साडेचार किलोमीटरचा आहे. त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत शाळांच्या सुट्ट्या लागल्या की भाडी चढतात. दुसरे म्हणजे, हिवाळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. बाराशे मीटरवर बर्फ असेलच असे धरून चालता येत नाही. सुट्ट्यांपूर्वीचा जानेवारीचा शेवटचा आठवडा आम्ही धरला तो याच हिशेबाने.

गाव ठरले, आता घर. हॉटेल की चॅले, यावर महिनाभर फोन खणखणत होते. हॉटेलात सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण मिळून एकच दर असतो, त्याला ‘हाफ बोर्ड’ म्हणतात. कामाचा त्रास नाही, सूनबाईंचे म्हणणे, “सुट्टीतही मीच पोळ्या लाटायच्या का?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. पण हॉटेलात पाच खोल्या म्हणजे पाच बंद दारे. जेवण आटोपले की जो तो आपापल्या मजल्यावर. चॅले, म्हणजे लाकडी घर, आठवड्याच्या बोलीने मिळते. बहुधा शनिवार ते शनिवार. स्वयंपाकघर आपले, मोठे टेबल आपले आणि भांडणेही आपलीच. शेवटी असे ठरले की चॅले घ्यायचे, स्वयंपाकाच्या पाळ्या लावायच्या आणि त्यांत पुरुषमंडळींनाही धरायचे. जावईबापूंची खिचडी पुढे आम्ही दोनदा खाल्ली. तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

चॅलेची जाहिरात वाचणे ही एक विद्या आहे. ‘दहा जणांची सोय’ म्हणजे दहा पलंग असतातच असे नाही. त्यांतले दोघे बैठकीच्या खोलीतल्या कोचावर असतात आणि सकाळी सर्वांच्या आधी उठतात. न्हाणीघरे किती, ओले बूट वाळवायची खोली आहे का, चादरी-टॉवेल भाड्यात धरलेत का, निघतानाच्या साफसफाईचे वेगळे किती, दर माणशी दर रात्री गावाला द्यायचा पाहुण्यांचा कर वेगळा का, हे सारे पत्राने विचारून घ्यावे. चूलही विचारावी. त्या उंचीवर पाणी शहाण्णव अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही आणि कुकर हवाच. पण शेगडी इंडक्शनची असली तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर नुसता बसून राहतो.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ‘स्टेशनापासून पाच मिनिटे’. डोंगरातली पाच मिनिटे आडवी नसतात, उभी असतात. आमच्या यादीत अखेर दोन घरे उरली. वरच्या घराच्या गच्चीतून युंगफ्राऊ अशी दिसत होती की छायाचित्र पाहूनच भाचीने हट्ट धरला. खालचे घर तळमजल्यावर, स्टेशनाजवळ. खिडकीसमोर शेजाऱ्याची लाकडाची मोळी. मी स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशाचा आधार घेतला. आल्प्समध्ये या नकाशावर दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी रेघ असते. वरच्या घराच्या वाटेने मोजल्या तर तीन रेघा ओलांडाव्या लागत होत्या, म्हणजे साठ मीटरांचा चढ. तोही गोठलेल्या बर्फावरून. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, माझ्यासाठी तुमचा देखावा घालवू नका. मी आपली घरात बसेन.” नेमके तेच आम्हाला नको होते. आठ दिवस घरात बसवायचे, तर त्यांना पुण्याहून आणायचे कशाला? खालचे घर पक्के झाले.

आता पैशांची गोष्ट. आणि सहली मोडतात त्या इथेच. पुतण्या म्हणाला, “बाबा, सगळे माझ्याकडे लागले.” भाऊ निवृत्तिवेतनावर राहणारे, पण ताठ. ते म्हणाले, “तुझ्या घरी आलो तर मी पाहुणा. इथे आपण सगळेच भाडेकरू. भाडेकरूने भाडे द्यावे.” मग आम्ही नियम केला. ज्याची थैली सर्वांत लहान, त्याने आपली मर्यादा चित्रे पाहण्यापूर्वी सांगायची आणि घर त्या मर्यादेतच शोधायचे. भाडे व शिधा माणशी सारखा, मुलांचा निम्मा. लिफ्टचे पास, स्कीची शाळा आणि भाड्याचे बूट ज्याचे त्याने पाहायचे. स्की न करणाऱ्याने दुसऱ्याच्या पासाचे पैसे भरणे जसे योग्य नाही, तसे मिळवत्या मुलाने बापाच्या हातून पाकीट काढून घेणेही बरे नाही. रेल्वेची तिकिटे तेवढी पुतण्याने काढली आणि भाऊंनी ती काढू दिली.

भारतातून जाणाऱ्यांसाठी आणखी दोन सूचना. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाच्या जागेचा पुरावा लागतो. तेव्हा व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येईल अशीच जागा धरावी. आणि प्रवासाच्या विम्यात बर्फातले खेळ धरलेले आहेत का, हे कागद वाचून पाहावे. डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च तिथे ज्याचा त्याने द्यायचा असतो.

घर कसे निघाले? युंगफ्राऊ एकाही खिडकीतून दिसली नाही. ती पाहायला दोन मिनिटे चालून जावे लागे, आणि वहिनी रोज काठी टेकत चालून जात. मुलांची शाळा सुटली की त्या त्यांना घेऊन येत, आणि दिवे लागले की भाऊ पत्ते काढत. पाच-तीन-दोनला तीनच भिडू लागतात. आजोबा आणि दोन नातवंडे, हिशेब बरोबर जमला. हुकूम मराठीत बोलायचा, नाही तर हात बाद, असा भाऊंचा कायदा. पहिल्या रात्री मुले अडखळली, तिसऱ्या रात्री भांडू लागली. आणि भांडणे मराठीतून होऊ लागली, तेव्हा भाऊ माझ्याकडे पाहून नुसते हसले.

म्हणून वाचकहो, अशा सहलीला निघालात तर शिखरे, लिफ्ट आणि उतार यांची चौकशी अवश्य करा. पण त्याआधी घरातले जेवणाचे टेबल किती माणसांचे आहे, ते विचारा. सगळे एकदम बसू शकतील एवढे असेल, तर बाकीच्या पुष्कळ उणिवा खपून जातात.