संगणकाची मांडामांड

चूल पेटवण्याची प्रत्येक घराची रीत निराळी असे. कुणी आधी राख काढी, कुणी आधी काटक्या रची, आणि आपलीच रीत शास्त्रशुद्ध, याबद्दल दोघींच्याही मनात शंका नसे. गॅस आला आणि ही गंमत संपली असे मला वाटले होते. पण घरोघर संगणक आले आणि ती पुन्हा सुरू झाली!

माझा संगणक मी पहाटे साडेपाचला सुरू करतो. आधी भिंतीवरचे बटण, मग यूपीएस, आणि तिने एकदा ‘पीं’ केले की मगच संगणक. तो जागा होईपर्यंत मी खुर्चीवर बसत नाही. जुन्या धोतराच्या फडक्याने कीबोर्ड पुसतो आणि चहाचे आधण ठेवतो. माझ्या चिरंजिवांना हे सारे सोवळे वाटते. तो लॅपटॉपचे झाकण उघडतो आणि कामाला लागतो. त्याचे यंत्र कधी झोपतच नाही, नुसती डुलकी काढते. मला यंत्राला रात्री पुरती झोप दिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यातही एक मेख आहे. विंडोजची आठवी आवृत्ती 2012 साली आली, तेव्हापासून ‘शट डाउन’ म्हटले तरी संगणक आपली निम्मी स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच पुन्हा वाचून उठतो. म्हणजे कालचा आळस आज तसाच! म्हणून नवा संगणक घरी आला की ती ‘जलद आरंभा’ची सोय मी प्रथम बंद करतो. दोन मिनिटे अधिक जातात, पण तेवढ्यात चहा होतो.

वीस-एकवीस वर्षांत आमच्या घरात तीन संगणक आले. खंडेनवमीला सौभाग्यवतींनी तिघांनाही हळदकुंकू वाहिले. (एका वर्षीचे कुंकू स्पेसच्या कळीखाली अजून आहे.) पण संगणक आपला झाला असे मला पूजेने वाटत नाही. तो मराठी लिहू लागला की वाटते. दुकानदार सांगतो, ‘रोमन अक्षरांत लिहा, आपोआप मराठी होईल.’ मी ऐकून घेतो आणि घरी येऊन इन्स्क्रिप्टची मांडणी लावतो. 1986 साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ठरवलेली ही मांडणी मला आपल्या बाराखडीइतकीच शहाणी वाटते. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. आठ दिवस बोटे रडतात, मग ती कधी विसरत नाहीत.

त्यानंतर परीक्षा. प्रत्येक नव्या संगणकावर मी पहिले वाक्य लिहितो ते असे: ‘आचार्यांनी आचाऱ्यांना दऱ्याखोऱ्यांतून हिंडवले.’ वाक्यात अर्थ फारसा नाही, हे मान्य. पण आचार्य आणि आचारी यांच्यातला भेद ज्या यंत्राला कळत नाही, त्याच्यावर कादंबरी लिहिण्यात काय हशील? मग दस्तऐवजाची भाषा ‘मराठी’ अशी निवडावयाची. तसे केले की काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळण सोडून आपल्या वळणाची होतात. ते पाहून गावाकडचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

शेवटी शुद्धलेखन तपासण्याची सोय बंद. दिवसभर वर्गात मुलांच्या वह्यांवर लाल शाई ओढणारा मास्तर घरी लाल रेघा पुसतो, याचे कुणाला हसू येईल. पण माझ्या संगणकात आईच्या ओव्या आहेत, आणि तिच्या ‘न्हाई’, ‘व्हतं’, ‘लई’ या शब्दांखाली मला लाल रेघ नको आहे.

2004 च्या उन्हाळ्यात आईने जात्यावरच्या ओव्या मला सांगितल्या, आणि मी त्या पहिल्या संगणकावर उतरवून घेतल्या. 2011 साली आई गेली. ओव्या राहिल्या, पण जुन्या फॉन्टात. त्या फॉन्टांची गोष्ट मोठी चमत्कारिक. संगणकाच्या पोटात रोमन चिन्हेच असत. फॉन्ट त्यांना वरून देवनागरी अंगरखा घाली. फॉन्ट काढला की आईच्या ओवीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून तो फॉन्ट मी एका पेन ड्राइव्हवर घालून आईच्याच पानाच्या डब्यात जपला आहे, आणि प्रत्येक नव्या संगणकात तो आधी चढतो.

पण अंगरख्यावर किती दिवस काढायचे? म्हणून रोज सकाळी कादंबरी उघडण्यापूर्वी मी ओव्यांचे एक पान युनिकोडमध्ये आणतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी असे नि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलट. त्या अदलाबदलीत वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार चळतो. ते नजरेने सावरता येते. अडते ते निराळ्याच जागी. परवा एका ओवीत ‘दर्या’ असे उमटले. आईने समुद्र म्हटले होते, की डोंगरातल्या दऱ्या? ओवीत दोन्ही बसत होते.

मी मावशीला फोन लावला. तिने ओवी आधी नुसती ऐकली, मग स्वतः गळ्यावर घेतली, आणि त्या शब्दाशी येताच थांबून म्हणाली, ‘आरं, दऱ्याच! माह्यारच्या वाटंला दर्या कुठनं आणतोस?’

मावशी 84 वर्षांची आहे, आणि 41 पाने उरली आहेत. दुपारी तिला ऐकू कमी येते, म्हणून फोन सकाळीच करतो.