शांततेच्या वेळा

शाळेच्या भूगोलात प्रेअरी एका ओळीत सुरू होऊन त्याच ओळीत संपायची. उत्तर अमेरिकेतील गवताळ मैदाने, गहू पिकतो, एवढेच. आमच्या पिढीने तेवढे पाठ करून गुण मिळवले. पुढे मुलगी लग्न होऊन कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात, रेजायना शहरात गेली आणि त्या ओळीत माणसे राहू लागली. तिच्याकडे एक उन्हाळा काढायला आम्ही दोघे गेलो, तेव्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर जावयांनी चार दिवसांची रजा टाकली आणि भाड्याचा एक ट्रेलर पिकअप गाडीमागे जोडून आणला.

ट्रेलर म्हणजे चाकांवरचे घर. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, मोरीएवढी न्हाणी आणि संडास. तळावर पोचल्यावर चाकांखाली लाकडाच्या फळ्या सारून घर समपातळीत आणायचे, खांबावरच्या तीस अँपिअरच्या जोडणीतून वीज घ्यायची आणि मग चहा टाकायचा. पिण्याचे पाणी वाटेतल्या नळावर टाकीत भरून घ्यायचे. सांडपाण्याची टाकी वेगळी, संडासाची वेगळी. निघताना दोन्ही ठरलेल्या जागी मोठ्या नळीने रिकाम्या करायच्या. किती पाणी आत आले आणि किती घाण बाहेर गेली, याचा हिशेब या घरात चुकत नाही. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूचे पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पाच माणसांच्या पाच वक्तांच्या वुजूत टाकीचा काटा कसा खाली येतो हे पाहिल्यावर ती नीट कळते.

आमचा मुक्काम लास्ट माउंटन लेकच्या काठी, रोवन्स रॅव्हीन या प्रांतिक उद्यानात होता. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने कोरलेल्या दरीत हे तळे आहे. लांबी नव्वद किलोमीटरांहून अधिक, रुंदी मात्र थोडी. म्हणून लोक त्याला लाँग लेकही म्हणतात. त्याच्या उत्तर टोकाला 1887 मध्ये पक्ष्यांसाठी जागा राखून ठेवली गेली. अशी सरकारने राखलेली उत्तर अमेरिकेतली ती पहिली जागा. पांढरे पेलिकन पाण्यावर उतरतात तेव्हा पंखांचा आवाजसुद्धा ऐकू येतो. कोकणात समुद्राची गाज कान भरून टाकते. इथे कानाला धरायलाच काही नाही. वारा, गवत आणि डास, बस्स.

रेजायनापासून हे ठिकाण शंभरेक किलोमीटर, मुक्काम तीन रात्री. म्हणजे आम्ही शरियतच्या हिशेबाने मुसाफीर, आणि चार रकातींच्या दोन. इथपर्यंत घरात एकमत होते. पुढे मात्र आम्ही कोकणातले शाफई आणि जावई मराठवाड्यातले हनफी. तिथे जुलैत सूर्य सव्वानऊला मावळतो. मावळल्यावरही पूर्ण अंधार असा होतच नाही. आकाशाच्या उत्तरेकडच्या कडेला रात्रभर फिकट उजेड रेंगाळत राहतो. त्यामुळे इशाचा वक्त नेमका कधी लागतो, याचे मशिदी वेगवेगळे हिशेब करतात. कुणी सूर्याचे अंश कमी धरतात, कुणी रात्रीचे सात भाग पाडतात. कसेही मोजले तरी मध्यरात्र जवळ येते. आम्ही शाफई लोकांनी मुसाफिराच्या सवलतीने मगरिब आणि इशा एकत्र केली आणि मोकळे झालो. जावई जागत बसले. नात म्हणाली, "नाना, तुमचा मजहब आळशी आहे का?" आम्ही म्हणालो, "नाही बेटा, आमच्या मजहबला झोपेची किंमत कळते."

किब्ल्याचाही असाच गोंधळ. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड केलेल्या माणसाला तिथे ईशान्येकडे, उत्तरेला बरेच झुकून उभे राहावे लागते. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून पाहिली तर मक्केचा जवळचा रस्ता तिथून ध्रुवाच्या बाजूने जातो. शेजारच्या जागेवर एक म्हातारे शेतकरी जोडपे होते. त्यातल्या आजोबांनी दुपारी विचारले, "तुमची मक्का तर पूर्वेला ना?" जावयांनी दोरीची गोष्ट सांगितली. आजोबांनी मान डोलावली आणि युरोपात जाणारी विमानेही अशीच वर चढून जातात, असे म्हणून ते गळ टाकायला निघून गेले. त्यांना त्यात आणखी काही वाटले नाही.

प्रेअरीवर हे रुकू-सजदे नवे नाहीत. पश्चिमेकडच्या एडमंटनमध्ये 12 डिसेंबर 1938 रोजी अल रशीद मशीद उघडली, कॅनडातली पहिली. लेबनॉनहून आलेल्या फेरीवाल्या, दुकानदार कुटुंबांनी ती उभी केली. त्यांच्यातल्या हिल्वी हमदान या बाईंनी मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी अशा सगळ्या दुकानदारांकडे जाऊन वर्गणी मागितली. उद्घाटनाला अब्दुल्ला युसूफ अली हजर होते. आपल्यातल्या अनेकांच्या कपाटात ज्यांचा कुराणाचा इंग्रजी तर्जुमा आहे, तेच मुंबईत जन्मलेले युसूफ अली. अलीकडे याच सस्कॅचेवानातल्या एका काल्पनिक गावातल्या मशिदीवर 2007 ते 2012 एक विनोदी मालिका चालली. ती सुचली रेजायनाच्या झरका नवाज यांना. सारा देश त्या मशिदीवर हसला, पण मशिदीसकट हसला.

कॅम्पग्राउंडचा एक नियम असा की रात्री अकरा ते सकाळी सात ही शांततेची वेळ. गाणी बंद, जनरेटर बंद, बोलणे शेजारच्या शेकोटीपर्यंत जाऊ नये. आमच्या लक्षात आले की जावयांची इशा आणि सगळ्यांची फजर, दोन्ही या वेळेत येतात. दोन्हींत किरात मोठ्याने. पण मोठ्याने म्हणजे मागे उभ्या असलेल्यांना ऐकू येईल इतकी. उद्यानाचा नियम आणि फिकह यांच्यात भांडण लागण्याचे कारणच नव्हते. मुलीने ट्रेलरच्या छत्रीखाली गवतावर चादर अंथरली.

आमच्या पत्नीने मात्र मुसल्ला आत, दोन पलंगांमधल्या जागेत टाकला आणि पडदे ओढून घेतले. जागा इतकी अरुंद की सजद्यात कपाळ कपाटाला लागे. मुलगी म्हणाली, "अम्मी, बाहेर ये ना, इथे कुणी काही बोलत नाही." पत्नी म्हणाली, "बोलत नाहीत तोवर ठीक." दुसऱ्या रात्री तीनचार जागा सोडून काही तरुणांची गाणी अकरानंतरही चालू होती. उद्यानाची गाडी दिवे लावून हळूहळू रस्त्याने आली. जावई बाहेर इशाची तयारी करत होते. पत्नी झटकन बाहेर आली आणि त्यांच्यासाठी अंथरलेल्या चादरीची तिने घडी घातली. गाडी आमच्यासमोरून पुढे गेली, त्या मुलांशी दोन वाक्ये बोलली, गाणी थांबली, गाडी परतली. सगळे मिळून पाच मिनिटे. जावयांनी काही न बोलता चादर पुन्हा उलगडली.

तो धाक तिच्या मनाने रचलेला नव्हता. 29 जानेवारी 2017 ला क्युबेक शहरातल्या मशिदीत इशानंतर सहा नमाजी मारले गेले. 6 जून 2021 ला ओंटारिओतल्या लंडन शहरात संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुसलमान कुटुंबावर ट्रक घातला गेला, तीन पिढ्यांतली चार माणसे गेली, नऊ वर्षांचा मुलगा वाचला. आणि आपल्याकडे 31 जुलै 2023 ला जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, पालघरजवळ, चार जण गोळ्यांनी मारले गेले. त्यांतले तीन मुसलमान प्रवासी. तेव्हापासून पत्नी रत्नागिरीच्या गाडीत तसबीह पर्समध्येच ठेवून बोटांवर मोजते. ओठही हलू देत नाही. ही सवय तिने सामानाबरोबर समुद्रापार आणली होती.

त्या रात्री आम्ही बराच वेळ बाहेर बसलो. वरवर पाहता दोन्ही शांतता सारख्याच. गाणी थांबवलेली मुलेही गप्प, आतली बाईही गप्प. पण एक अदब आहे, दुसरा धाक. अदबीची शांतता सगळ्यांना सारखी लागू असते, आणि तिला शेवट असतो, सकाळी सात. धाकाच्या शांततेला सात कधी वाजतच नाहीत. ती एकाच्याच वाट्याला येते आणि शेजाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

ज्या जमिनीवर आम्ही बसलो होतो तिलाही हा फरक ठाऊक आहे. 1874 च्या चौथ्या तहाने ती क्री, सोल्तो आणि इतर मूळ लोकांकडून इंग्लंडच्या राणीच्या नावे झाली. पुढच्या काही वर्षांत रानरेड्यांचे कळप संपले. मग मूळ लोकांची मुले निवासी शाळांत नेली गेली, जिथे आपली भाषा बोलली की शिक्षा होई. तळ्याच्या पूर्वेला पनिची गावाजवळ गॉर्डन शाळा होती. ती 1996 मध्ये बंद झाली. अशा शेवटच्या शाळांपैकी ती एक. त्या मुलांना गप्प बसवण्याची कुठली वेळ ठरलेली होती? तिथला निवांतपणा आम्ही मनापासून अनुभवला, पण त्यातली काही शांतता लादलेली आहे हे विसरता आले नाही.

पत्नीला आम्ही काही समजावले नाही. ज्याने धाक पाहिला आहे त्याला निर्भय हो म्हणणे सोपे, आणि बऱ्याचदा निरुपयोगी. तिसऱ्या दिवशीही तिने फजर आतच पढली.

त्याच सकाळी नातीचा सबक होता. सात वाजून गेल्यावर ती बाहेरच्या लाकडी मेजावर रहल मांडून बसली आणि मोकळ्या आवाजात सूरह रहमान पढू लागली. शेजारच्या आजी कॉफीचा मग घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. एका ठिकाणी नातीने मद खाल्ला. ट्रेलरची खिडकी सरकली, पडदा बाजूला झाला आणि पत्नीचा आवाज आला, नातीपेक्षा मोठा, "पुन्हा म्हण. ताण दे. आणखी."