व्हिलन मूळचा कोण?

सिनेमातला ‘व्हिलन’ ठाऊक नाही असा माणूस आता खेड्यातही मिळणे कठीण. मिशीला पीळ देणारा, गरिबाची जमीन बळकावणारा आणि शेवटी मार खाणारा तो व्हिलन. ह्या इंग्रजी शब्दाचे कूळ शोधू लागलो तेव्हा मात्र आम्ही थक्क झालो. वाचकहो, हा खलपुरुष मूळचा साधा खेडूत, तुमच्या-आमच्यासारखाच नांगर धरणारा!

लॅटिन भाषेत ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडी व तिच्यावरील घर. तेथे राबणारा तो ‘व्हिलानुस’. फ्रेंचांच्या तोंडून हा शब्द इंग्लंडात आला. १०८६ साली विल्यम राजाने राज्याची मोजदाद करविली, तीत अशी कुळे लाखाहून अधिक भरली. पुढे त्यांच्या गळ्याभोवती वेठबिगारीचा फास आवळत गेला. आठवड्यातून दोन-तीन दिवस जमीनदाराच्या शेतात फुकट राबावयाचे, त्याच्या परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही, आणि लेकीचे लग्न करावयाचे तर त्यालाच पैसे मोजावयाचे! १३८१ साली ही कुळे इतर गोरगरिबांसह बंड करून लंडनवर चालून गेली. चौदा वर्षांच्या रिचर्ड राजाने वेठ रद्द केल्याच्या सनदा लिहून दिल्या. पुढारी वॉट टायलर मारला गेल्यावर, महिना लोटण्याच्या आत, त्या परतही घेतल्या.

मग ह्यात दुष्ट कोण? पण शब्दांना अर्थ देणारे वाड्यात बसले होते. त्यांच्या लेखी कूळ म्हणजे अडाणी, अडाणी म्हणजे हलकट, आणि हलकट म्हणजे दुष्ट. अशा पायऱ्या उतरत बिचारा खेडूत नाटकातला खलपुरुष होऊन बसला. ‘व्हिला’ची ऐट मात्र वाढतच गेली, आज ती पाटी श्रीमंतांच्या बंगल्यांवर झळकते.

एकट्या इंग्रजांस हसण्यात अर्थ नाही. आपल्या संस्कृत काव्यशास्त्रातही ‘ग्राम्य’ हा दोष आणि ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत. आम्हां ख्रिस्ती मंडळींनीही हात झटकू नयेत. अख्रिस्ती मनुष्यास लावला जाणारा ‘पेगन’ हा शब्द खेडूत ह्याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून निघाला.

मराठीत ‘गावंढळ’ आणि ‘गावठी’ आहेतच. आम्ही तालुक्याच्या शाळेत गेलो, तेव्हा पायांत वहाणा नसल्यावरून पहिल्याच दिवशी ‘गावठी’ हे नाव पडले. ते मॅट्रिकपर्यंत सुटले नाही. परवा मात्र आठवड्याच्या बाजारात शहरातील एक बाई आमच्या शेजारणीपुढे थांबल्या. अंडी गावठीच आहेत ना, असे त्यांनी दोनदा विचारले, आणि घासाघीस न करता दीडपट दर मोजून एक डझन नेली.