कोळंबीची ॲलर्जी असलेल्या मुलाने माकूल पकडायला जावे का?



माकूल तुम्हाला ठाऊक असेल. हॉटेलच्या मेनूकार्डावर त्यालाच स्क्विड किंवा कॅलमारी म्हणतात. माझे थोरले बंधू अमेरिकेत सिएटलजवळ राहतात. तिथल्या प्युजेट साउंड या खाडीत हिवाळ्यातल्या रात्री माकूल किनाऱ्याजवळ येतात आणि एडमंड्सच्या धक्क्यावर घरंच्या घरं गळ घेऊन उभी असतात. गेल्या डिसेंबरात आम्हीही जायचे ठरवले. प्रश्न एकच होता. दादांच्या नऊ वर्षांच्या नातवाला कोळंबीची ॲलर्जी आहे. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्याला घरीच ठेवू या का?"

तुमच्या घरातही असा प्रश्न येऊ शकतो, म्हणून नीट सांगतो. कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे बहुतेकांना ही ॲलर्जी होते. माकुलातही तसेच प्रथिन असते आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. कोळंबी न चालणाऱ्या प्रत्येकाला माकूल बाधतेच असे नाही. पण "थोडे चाखून बघू" हा प्रयोग घरी करायचा नाही, धक्क्यावर तर मुळीच नाही. तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा. काहींना नुसता हात लागला तरी खाज सुटते, शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो.

तरीही मी त्याला न्यायलाच सांगितले. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, काही न खाता उभे राहण्यात धोका फार कमी. त्याला टॉर्चचे काम दिले, आणि ते खरोखर महत्त्वाचे असते, कारण माकूल उजेडाकडे येतात. ॲड्रेनलीनचे इंजेक्शन त्याच्या आईच्या खिशात होते. गांधी उठून सोबत धाप लागली, घसा आवळला, उलट्या किंवा चक्कर आली, तर ते लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचे आणि मग रुग्णवाहिका बोलवायची. आधी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका.

आता मासेमारीबद्दल. आमिष लागत नाही. अंधारात चमकणारा छोटा जिग पाण्यात सोडायचा आणि हलकेच वरखाली करायचा. झटका बसत नाही, दोरी फक्त जड वाटते. मग ढिली न सोडता गुंडाळत राहायचे. जरा सैल पडली की माकूल निसटलेच. वर आल्यावर त्याचे तोंड समुद्राकडे धरा, नाहीतर शाईने आंघोळ होते (दादांची झाली). रात्रीच्या भरतीची वेळ बघून जा. तिथे १५ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, मोठ्यांना लागतो. प्रत्येकाची बादली वेगळी हवी.

जिगच्या तळाशी टोकदार काट्यांचे कडे असते. मुलांना चष्मा घाला. काटा बोटात रुतला तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवा. डोळ्याजवळ रुतला तर ओढू नका, थेट दवाखाना गाठा.

मला नातवापेक्षा दादांची काळजी जास्त होती. वय ६२, अँजिओप्लास्टी झालेली. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. कानटोपी, थरावर थर कपडे, बसायला घडीची खुर्ची, आणि छातीत जरा जरी दाटल्यासारखे वाटले तरी सांगायचे, या अटींवर त्यांना नेले. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर जाड मोजे घाला आणि घरी आल्यावर तळवे बघा.

आम्हाला २३ मिळाले. १०० ग्रॅम माकुलात साधारण १६ ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी अगदी कमी, पण कोलेस्टेरॉल २३० मिलिग्रॅमच्या आसपास. तेव्हा हृदयरुग्णाने तळलेल्या कड्यांऐवजी सुके खावे, तेही बेताने. मोठ्या आचेवर दोन मिनिटे किंवा मंद आचेवर पाऊण तास. मधल्या वेळात उतरवले तर रबर चघळायची तयारी ठेवा. कच्चे खाऊ नका, कृमी असू शकतात.

वहिनींनी स्वयंपाक बाहेर अंगणातल्या शेगडीवर केला. नातू आत पिठलं-भात खात होता. त्याची ॲलर्जीतज्ज्ञाकडची तारीख फेब्रुवारीत होती, आणि तोवरच्या सगळ्या फेऱ्यांसाठी टॉर्च आपल्याकडेच राहणार, हे त्याने जेवता जेवता सगळ्यांकडून कबूल करून घेतले.