शहरात बिऱ्हाड नेण्याआधी



मृग जवळ आला की पंचायत समितीत बियाण्याची चौकशी करायला आलेला शेतकरी उठता उठता आणखी एक गोष्ट विचारतो. "साहेब, पोरगी दहावी झाली. लातूरला ठेवावं म्हणतो. जागा कुठं बघावी?" कोणी नांदेडचे विचारतो. एखादा तर एकरभर रान विकून प्लॉटच घ्यायचे बोलून दाखवतो. खताची मात्रा विचारली तर मी लगेच सांगतो. या प्रश्नाला मात्र घटकाभर थांबतो, कारण जागा निवडताना मी स्वतः एकदा चुकलो आहे. म्हणून आज पिकापाण्याचे बाजूला ठेवू आणि ही दोन्ही शहरे जरा फिरून पाहू.

लातूरला उतरलात की आधी गंजगोलाईला चला. मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती गोलाकार बाजारपेठ आणि तिथून चहूकडे फुटलेले सोळा रस्ते. निजामाच्या राजवटीत, १९१७ साली ही पेठ नकाशा काढून वसवली गेली. तुमच्या आज्या-पणज्यांच्या बैलगाड्या इथे आल्या असतील. शंभर वर्षे उलटली, तरी खेड्यातून आलेला माणूस इथे चुकत नाही. कोणत्याही रस्त्याने गेला तरी विचारत विचारत गोलाईला परत येतो. आखून वसवलेली जागा म्हणजे काय, ते इथे कळते. आखणी करणाऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचा विचार आधी केलेला असतो.

गोलाईपासून बाहेर पडलो की शिकवण्या, वसतिगृहे आणि खोल्यांचे लातूर सुरू होते. दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. पुढे 'लातूर पॅटर्न'चे नाव झाले आणि साऱ्या मराठवाड्यातून मुले येऊ लागली. कितीतरी घरांत आता दोन चुली पेटतात. बाप गावाकडे रान सांभाळतो आणि आई मुलांना घेऊन शहरात एका खोलीत राहते. अशी जागा पाहायला सहसा बापच जातो. तो भाडे विचारतो, शिकवणीचे अंतर विचारतो आणि परत येतो. पण त्या जागेत दिवसभर राहणार असते ती आई. तिला पाणी कधी मिळणार, भाजी कुठे मिळणार, रात्री लेकराला ताप आला तर ती कोणाचे दार वाजवणार, हे कोणी विचारत नाही.

पाण्याची गोष्ट तर लातूरकरांना सांगायला नको. हे शहर मांजरा धरणाचे पाणी पिते. धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींत पाणी भरून आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आले होते. तेव्हा हाल सगळ्यांचेच झाले. तरीही ज्या वस्तीत नळाची जोडणी होती, मोठी टाकी होती आणि रस्ता टँकर आत येण्याइतका रुंद होता, तिथे निदान पाणी दारापर्यंत पोचण्याची सोय होती. नव्या प्लॉटच्या चिंचोळ्या बोळात तीही नसते. म्हणून घर पाहायला दिवाळीनंतर जाऊ नका, तेव्हा सगळीकडे पाणी असते. एप्रिल-मे महिन्यात जा. विहीर घेताना आपण पाणी उन्हाळ्यात पाहतो, तसेच हे.

आखणी सुबक आहे म्हणून वस्ती सुखाची होते असेही नाही. नोकरीच्या सुरुवातीची वर्षे माझी औसा तालुक्यात गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. पुढे लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी पूर्णपणे वसवली गेली. सरळ रुंद रस्ते, ओळीने घरे, शाळा, समाजमंदिर, सगळे नकाशाप्रमाणे. घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली, आणि ते फार मोठे काम होते. घराचा आकार मात्र जमिनीच्या धारणेवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यावर ७५०. अनेक गावांत एका आकाराची घरे एका बाजूला आली. त्यामुळे भावकी इकडे-तिकडे झाली, जुने शेजार तुटले. वाड्याचे अंगण गेले, कडबा कुठे रचावा हे कळेना. कामानिमित्त मी त्या गावांत जाई, तेव्हा म्हातारी माणसे घर दाखवून म्हणत, "घर पक्कं हाय, पर शेजार न्हाई." लोकांनीच पुढे पत्रे टाकून गोठे केले, झाडे लावली, ओटे घातले, आणि हळूहळू ती गावे माणसांची झाली. दहा-पंधरा वर्षे त्यात गेली.

एवढे पाहूनही मी चुकलो ते नांदेडला. आता लातूरहून नांदेडची एस.टी. धरू. चाकूर, अहमदपूर, लोहा करत गाडी नांदेडजवळ येते. विष्णुपुरीला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. गोदावरीच्या अलीकडे, दक्षिण काठावर सिडको आणि हडकोच्या वसाहती लागतात. पूल ओलांडला की जुने शहर, सचखंड गुरुद्वारा आणि रेल्वे स्टेशन.

बदली झाली तेव्हा पुलापलीकडची जागा मला पसंत पडली. नवी इमारत, दुसरा मजला, कार्यालय दहा मिनिटांवर. पांढरी फरशी पाहून मी खूश झालो आणि त्याच दिवशी आगाऊ रक्कम देऊन मोकळा झालो. घरातल्यांना दाखवलेही नाही. आई आमच्याबरोबर आली. तिचे गुडघे दुखायचे, इमारतीला लिफ्ट नव्हती. ती दिवसभर गॅलरीत बसून खालची वाहने मोजायची. एकदा मी विचारले, "आई, काही कमी आहे का?" ती म्हणाली, "कमी न्हाई रे. पर हाक कुणाला मारू?" चौथ्या महिन्यात तिने गावी जायचे काढले. एस.टी.त बसताना म्हणाली, "तुझं घर चांगलं हाय, तू राहा." त्या वाक्याने मला रात्रभर झोप आली नाही.

नंतर एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून आम्ही सिडकोत भाड्याने गेलो. सिडको ही महामंडळ १९७० साली नव्या मुंबईसाठी निघाली आणि पुढे तिने नांदेडलाही वसाहत उभी केली. आमचे घर बैठे, लहानसे. पावसाळ्यात एक भिंत ओल धरायची आणि कार्यालय लांब पडले. पण दाराला ओटा होता. समोर कंधारकडचे कुटुंब, शेजारी मुखेडचे. मुले शाळेत चालत जात. आईला मी पंधरा दिवसांसाठी म्हणून आणले. तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर बसून शेजारणीबरोबर मेथी निवडत होती. ती तिथेच राहिली, शेवटपर्यंत.

म्हणून मी सांगतो, बंधूंनो, जागा पाहायला एकटे जाऊ नका. जी माणसे तिथे दिवसभर राहणार, त्यांना बरोबर न्या. एकदा सकाळी जा आणि एकदा दिवे लागल्यावर जा. मुले बाहेर खेळतात का, बायका दारात उभ्या राहून बोलतात का, पाहा. शाळेची वाट चालून पाहा, मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का ते बघा. नांदेडला नदीकाठच्या सखल भागात घर असेल तर पुराचे पाणी कुठवर येते, ते तिथल्या जुन्या माणसाला विचारा. दलालाला विचारू नका.

विकत घ्यायचे असेल तर कागद आधी. माझ्या नात्यातल्या एकाने शेत विकून शहराबाहेर स्वस्त प्लॉट घेतला. सातबारा सामाईक निघाला, रेखांकन मंजूर नव्हते. आज शेतही नाही आणि घरही नाही. तेव्हा महापालिकेच्या नगररचना विभागात मंजूर रेखांकन पाहा. नकाशात उद्यान आणि शाळेसाठी सोडलेली जागा प्रत्यक्ष जमिनीवर मोकळी आहे का, तेही पाहा. नवी वसाहत ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल तर महारेराकडे तिची नोंदणी असावी लागते. तो क्रमांक मागा. सिडकोचे भूखंड मुळात भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. तिथले घर घेताना हस्तांतरणाचे कागद सिडकोच्या कार्यालयात तपासून घ्या.

आणि शेवटचे. पहिले वर्ष भाड्याने राहा. नवे वाण आपण एकदम सगळ्या रानात पेरत नाही, आधी दोन काकऱ्या पेरून पाहतो. शहरातले घर पुन्हा मिळेल, विकलेले रान परत मिळत नाही.

परवा असाच एक जण विचारायला आला. मी त्याला म्हटले, "खोली पाहायला जाताना कारभारणीला आणि आईला घेऊन जा." तो हसून म्हणाला, "साहेब, आईला कशाला? ती तर गावातच राहणार हाय."

"तरीपण ने," मी म्हटले. "तिला तिथं बसून बघू दे."