एका फुलीची चूक

शाळेत शिवणाच्या बाई माझा रुमाल हातात घेत, तो आधी उलटा करीत आणि मगच माझ्या तोंडाकडे पाहत. सुलट बाजूला गुलाब असे, उलट बाजूला गाठींचे रान! "पोरी, फुल्या भरतेस की हजेरीतली नावं खोडतेस?" हा त्यांचा प्रश्न अजून कानात आहे. मॅट्रिक झाले आणि सुई सुटली ती सुटलीच. पुढे कादंबऱ्या लिहिल्या. त्या कुणी उलट्या करून पाहिल्या नाहीत, हे माझे भाग्य.

यंदा गणपती झाल्यावर एका नमुन्यांच्या पुस्तकात पॅलेस्टाइनच्या बायकांची फुलीच्या टाक्याची नक्षी पाहिली. दिवाळीच्या पाहुण्यांसाठी उशीचा अभ्रा करावा, म्हणून मॅटीचे कापड आणि लाल लड्या आणल्या. नमुना निवडला सरूच्या झाडाचा. त्या उंच, सडसडीत झाडाला अरबीत 'सरू' म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरचे सुरू निराळे. पण नावाच्या ओळखीवरच मी भुलले, म्हणाना!

काम दिसायला सोपे. एक तिरपा टाका, त्यावर दुसरा उलट तिरपा, झाली फुली. पण कापडावर काही छापलेले नसते. सारा मामला मोजण्याचा. खोडाच्या डावीकडे जितक्या फुल्या, तितक्याच उजवीकडे. आठव्या ओळीला शेजारीण विरजण मागायला आली आणि एक फुली चुकली. ते कळले पाच ओळी वर गेल्यावर. झाड चक्क कलले होते.

"राहू द्या हो बाई, वाऱ्यानं कललंय म्हणायचं!" शेजारीण म्हणाली. मलाही पटले. अभ्र्यावरच्या फुल्या कोण मोजतो?

रात्री मात्र झोप येईना. मोजणाऱ्या बायका आहेत, हे मी त्याच पुस्तकात वाचले होते. त्यांच्या पायघोळ 'थोब'वरची नक्षी पाहून बाई कुठल्या गावची ते ओळखू येई. रामल्लाकडे ताड, बेथलेहेमचा चंद्र, हेब्रॉनकडचे पाशाचे तंबू. लेक हे सारे आईजवळ बसून शिके. 1948 च्या युद्धात सात लाखांहून अधिक माणसे परागंदा झाली, चारशेहून अधिक खेडी ओस पडली. छावणीत गेलेल्या बाईजवळ गाव उरले ते या फुल्यांच्या हिशेबात. 1987 साली उठाव झाला, तेव्हा झेंडा लावायला बंदी होती. बायकांनी झेंड्याचे रंग थोबवर भरले. 2021 साली युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. ज्यांचे गावच नकाशावरून गेले, त्यांनी फुली चुकू दिली नाही. आणि मी विरजणाच्या वाटीपायी चुकवली!

सकाळी चष्मा लावून पाच ओळी उसवल्या. भरायला लागला नव्हता इतका वेळ उसवायला लागला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाड पुरे झाले, सरळ उभे राहिले. आपल्याकडे अभ्र्याच्या कोपऱ्यात भरणारीने आपले आद्याक्षर घालायची रीत आहे. सवयीने सुई तिकडे वळली आणि थांबली. झाड माझे नव्हते. मोजणी तेवढी माझी. कोपरा कोराच ठेवला.

मग बाईंची आठवण येऊन अभ्रा उलटा केला. गाठी आहेत अजून. पण हजेरीतले नाव मात्र या खेपेस कुणाचे खोडलेले नाही.