आधी बघ, मग सही कर

पहाटे चारच्या सुमारास बाबांची हाक यायची, "उठा रे, पाणी सुटलं!" आणि त्याच वेळी आतून आईचा आवाज, "नीरु बंतु!" दोन्ही हाका एकदम कानावर पडल्या की आम्ही तिघं भावंडं डोळे चोळत घागरी, बादल्या घेऊन पळायचो. वडगावच्या आमच्या बोळात तेव्हा तीन-चार दिवसांआड पाणी येई. बाबा मराठी, मागावर काम करणारे. आईचं माहेर कित्तूरकडचं, कन्नड. घरात भाषा दोन होत्या, नळ मात्र एकच, आणि तोही सगळ्या बोळाचा मिळून.

कदाचित त्या नळामुळेच असेल, 1999 साली दहावी झाल्यावर मी आयटीआयला प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड घेतला. गुण बेताचेच होते, पण कारकुनीच्या आशेनं कॉलेजला जाता आलं असतं. आत्या तर रागावलीच. "लोकांच्या मोऱ्या उपसत फिरणार काय हा? याला मुलगी कोण देणार?" बाबा काही बोलले नाहीत. आई मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "नीरु कोडो केलसा, पुण्यद केलसा." आत्याला कन्नड चांगलं समजत होतं. ती गप्प बसली.

आयटीआयत पहिला महिनाभर लोखंडाचा तुकडा कानशीनं घासण्यातच गेला. मग व्हाइसमध्ये पाइप धरून डायनं आटे पाडायला शिकलो. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे अर्ध्या इंचाचे चार, पाऊण इंचाचे सहा. सुताच्या घरात वाढलेल्या मला हे दुसरं सूत तिथं भेटलं. पाण्याची टाकी दहा मीटर उंचीवर असली की खाली नळाला साधारण एक किलोचा दाब मिळतो, असली गणितंही तिथंच कळली. प्रमाणपत्र मिळालं, पण प्रमाणपत्रानं हात तयार होत नाही. ते काम केलं मेस्त्रीकाकांनी.

मेस्त्रीकाका कन्नड बोलणारे. मराठी समजायचं, पण बोलायची वेळ आली की हसायचे. मला "तम्मा" म्हणायचे. त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली, सुरुवातीला रोज चाळीस रुपयांवर. पाइपच्या आट्यांवर सफेदा लावून ताग कुठल्या बाजूनं गुंडाळायचा, हे त्यांनी हात धरून शिकवलं. आट्याच्या उलट गुंडाळला तर सॉकेट आवळताना तो सुटून येतो. मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभं राहिलं पाहिजे, तेच गटाराची दुर्गंधी घरात येऊ देत नाही. सांडपाण्याच्या चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट उतार पुरे. उतार फार दिला तर पाणी पुढं पळतं आणि घाण मागं राहते. काम संपलं की पाणी भरून ठेवायचं आणि प्रत्येक जोडावरून कोरडा हात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी ओल बोटाला कळते. आणि हे सगळं झाल्यावरच माती लोटायची. माती लोटायची घाई त्यांना अजिबात खपायची नाही.

2004 साली महापालिकेचा परवाना हातात पडला. आयटीआयचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, शुल्क, कचेरीच्या चकरा, सगळं करून. बाबांनी तो कागद काचेत बसवून देवघराशेजारी लावला. घराला नवी नळजोडणी घ्यायची तर अर्जावर परवानाधारक प्लंबरची सही लागते. काम नीट केलं आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे, एवढा त्या सहीचा अर्थ. तो अर्थ मला तेव्हा समजला आहे, असं वाटत होतं.

परवाना आला म्हणून कामं येत नाहीत. दोन महिने मी गळक्या तोट्या बदलत फिरलो. बाबांचं मागाचं काम अर्ध्यावर आलेलं, बहिणीचं लग्न ठरत आलेलं. अशात पावसाळ्याच्या तोंडावर एक कंत्राटदार सहा अर्ज घेऊन आला. "काम माझी माणसं करतील. तू नुसती सही कर. अर्जामागं शंभर रुपये." सहाशे रुपये! मी उभ्या उभ्या सहा सह्या केल्या. मेस्त्रीकाकांना हे सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही, यातच काय ते आलं.

श्रावणात एके दिवशी एक गृहस्थ दारात उभे राहिले. हातात अर्जाची प्रत. "ही सही तुमचीच ना? माझ्या मुलीला कावीळ झालीय. सात वर्षांची आहे. डॉक्टर विचारतायत, पाणी कुठलं पिता?"

मी त्यांच्याबरोबर गेलो. मुलगी खाटेवर पडून होती, डोळे हळदीसारखे पिवळे. पाणी सुटलं की पहिली दोन-तीन मिनिटं वास येतो, असं तिची आई म्हणाली. मी बाहेर येऊन पाइपचा माग काढला. रस्त्यातल्या मोठ्या लाइनपासून घरापर्यंत खणायचे कष्ट वाचवण्यासाठी पाइप सरळ गटारातून नेला होता. गटाराच्या मधोमध सॉकेट, आणि त्या सॉकेटला ताग नाही, सफेदा नाही, नुसता हातानं आवळलेला.

आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं, पाइप गळतो म्हणजे पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. पाणी सुटलेलं असतं तोवर ते खरं आहे. पण पाणी बंद झालं की लाइन रिकामी होत जाते, पाणी सखल भागाकडं उतरतं आणि मागं पोकळी राहते. तोंडानं नळी ओढावी तशी ती पोकळी बाहेरचं ओढून घेते. जोड गटारात असेल तर गटाराचं. पुन्हा पाणी सुटलं की ते सगळं पहिल्या घागरीत येतं. राकसकोपचं असो की हिडकलचं, पाणी कितीही शुद्ध करून सोडलं, तरी शेवटच्या वीस फुटांत ते असं नासतं. आणि त्या शेवटच्या वीस फुटांवर माझी सही होती.

संध्याकाळी मेस्त्रीकाकांकडं गेलो. सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते उठले, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "मोदलु नोडु, आमेले सही माडु." आधी बघ, मग सही कर.

दोन दिवस आम्ही दोघं खणत होतो. जुना पाइप काढून टाकला, नवा वेगळ्या चरातून आणला. गटार ओलांडायचं होतं तिथं पाइप वरून नेला, बाहेरून दुसऱ्या मोठ्या पाइपचं आवरण घातलं आणि जोड गटारापासून लांब ठेवला. घरची टाकी ब्लीचिंग पावडरनं धुऊन दिली. खर्च तेवीसशे रुपये, माझ्या खिशातून. मग उरलेल्या पाच घरी गेलो. दारात उभं राहून "मी न बघता सही केली होती, जरा पाइप बघू द्या," असं म्हणताना जीभ अडखळायची. त्यातल्या दोन घरी हाच प्रकार निघाला. तेही दुरुस्त केलं. सहाशे रुपयांच्या सह्या मला वर्षभर पुरल्या.

ती मुलगी बरी झाली. दसऱ्याला बापाचं बोट धरून सोनं द्यायला घरी आली. ती गेल्यावर बाबा पहिल्यांदा या विषयावर बोलले. "लुगड्यात एक धागा चुकला तर गिऱ्हाईक दुकानातच ओळखतं. तुझं काम मातीखाली जातं. म्हणून तू जास्त सांभाळायला हवं." परवान्याची काच त्यांनी त्या दिवशी पुसून पुन्हा लावली. मी ती उतरवून ठेवली होती.

2008 साली बेळगावच्या काही वस्त्यांत, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याबरोबरच, चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. लोकांना घागरी भरायच्या कटकटीतून सुटल्याचा आनंद. मला आनंद वेगळाच होता. पाइप सतत दाबानं भरलेला असला की बाहेरची घाण आत शिरायला वाव राहत नाही. जिथं अजून दिवसांआड पाणी येतं, तिथल्या वाचकांना मात्र एक विनंती आहे. तुमच्या नळाचा पाइप कुठून येतो, ते एकदा स्वतः चालत जाऊन बघा. गटारातून येत असेल तर बदलून घ्या. पहिल्या पाण्याला वास असेल तर ते सोडून द्या आणि प्यायचं पाणी उकळा. आणि प्लंबरनं माती लोटण्याआधी त्याला म्हणा, "जरा थांब, पाणी सोडून दाखव." चांगल्या प्लंबरला याचा राग येत नाही.

यंदा माझा भाचा दहावी झाला आणि म्हणाला, "मामा, मी पण प्लंबरचाच ट्रेड घेऊ काय?" त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, आनंद झाला. आता कोणी मोऱ्यांचं नाव काढत नाही. मी त्याला हो किंवा नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी एका नव्या जोडणीच्या कामावर घेऊन गेलो. काम माझ्याच पोरांनी केलेलं, भरवशाची पोरं. घरमालक अर्ज आणि पेन घेऊन उभे होते. पेन खिशात ठेवलं आणि भाच्याला म्हटलं, "चरात उतर. प्रत्येक जोडावरून हात फिरव."

तो नव्या पँटीकडं बघत क्षणभर थांबला. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरला. तिसऱ्या जोडापाशी त्याचा हात थांबला. "मामा, इथं जरा ओल लागतीय."

मी पाना खाली दिला. सही त्यानंतर अर्ध्या तासानं झाली.